व्हिडिओ पाहताना फोनचं चार्जिंग जातं कुठे?



समूहाचं काम आता वहीइतकंच फोनवर चालतं. बैठकीची नोंद फोनवर, बँकेचा ओटीपी फोनवर, ग्रामसंघाचा निरोप व्हॉट्सॲपवर, पापड-मसाल्याचे पैसे आले की नाही तेही फोनवरच कळतं. कृषी सखीला शेतातला फोटो पाठवायचा असतो, पशु सखीला डॉक्टरांना फोन लावायचा असतो. आणि याच एका फोनवर मुरघास कसा करायचा त्याचा व्हिडिओ बघायचा, ब्लाऊजचं कटिंग शिकायचं, सासूबाईंना कीर्तन लावून द्यायचं, धाकट्याला कार्टून दाखवायचं. पुष्कळ घरांत टच फोन एकच. मग सायंकाळी लाईट जाते, फोन 9 टक्क्यांवर आलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच कुणाला तरी 108 ला फोन लावायची वेळ येते.

व्हिडिओ पाहू नका, असं सांगायला हा लेख नाही. व्हिडिओवरून आपल्या कितीतरी ताई शिवणकाम शिकल्या, अझोला लावायला शिकल्या. पाहायचं तेवढं पाहा, पण चार्जिंग कमी खर्चून पाहा. त्यासाठी आधी हे कळलं पाहिजे की चार्जिंग जातं कुठे. बहुतेकींना वाटतं ते नेटमध्ये जातं. नेट आपला वाटा घेतंच, पण व्हिडिओ चालू असताना मोठा वाटेकरी असतो पडद्याचा उजेड. आणि हाच वाटेकरी असा आहे की तो आपल्या एका बोटाने कमी करता येतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हे सगळं वीजबिल वाचवायला नाही. आपल्याकडच्या साध्या फोनची बॅटरी 5000 एमएएचची असते, खोक्यावर तसं छापलेलं असतं. तिच्यात वीज मावते साधारण 19 वॅट-तास. चार्जरमध्ये आणि तापण्यात जाते ती धरली तरी एका पूर्ण चार्जिंगला 25 च्या आसपास धरा. एक युनिट म्हणजे 1000 वॅट-तास. म्हणजे एका युनिटमध्ये फोन 40 वेळा भरतो. रोज एकदा चार्ज केला तरी महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही. तेव्हा "फोन लावून लावून बिल वाढवलंस" असं घरात कुणी म्हणालं तर हा हिशोब त्यांच्यापुढे ठेवा. आपल्याला वाचवायचं आहे ते लाईट नसतानाचं चार्जिंग, आणि फोनची बॅटरी.

बॅटरीचंही आयुष्य मोजकं असतं. शून्यापासून शंभरपर्यंत एकदा भरली की एक फेरी झाली. दोनदा अर्धी अर्धी भरली तरी मिळून एकच फेरी. जितक्या फेऱ्या जास्त तितकी बॅटरी दमते आणि मग सकाळी भरलेला फोन दुपारीच मान टाकतो. युरोपात 20 जून 2025 पासून नियम लागू झाला आहे की नव्या फोनची बॅटरी 800 फेऱ्यांनंतरही मूळच्या किमान 80 टक्के चालली पाहिजे. तो नियम आपल्याकडचा नाही, पण फेऱ्यांचा अंदाज यायला बरा आहे. रोज एक फेरी झाली तर 800 फेऱ्यांना दोन वर्षांच्या वर लागतात. दिवसातून दोन झाल्या तर सव्वा वर्षाच्या आतच संपतात.

पडद्यामागचा दिवा

आपल्या बहुतेक स्वस्त फोनचा पडदा एलसीडी प्रकारचा असतो. त्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यामागे बारीक एलईडी दिवे असतात, ते सगळ्या पडद्यावर सारखा पांढरा उजेड टाकतात. पुढचा पडदा फक्त ठरवतो की कुठून किती उजेड बाहेर सोडायचा आणि कोणत्या रंगाचा. व्हिडिओत रात्रीचा प्रसंग आला, सगळं काळं दिसलं, तरी मागचे दिवे बहुधा तितकेच पेटलेले असतात. खिडकीला जाड पडदा लावला म्हणून घरातला बल्ब काही विझत नाही, तसंच.

या दिव्यांना वीज किती लागते, ते ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 2010 मध्ये एक फोन उघडून, त्याच्या एकेका भागाची वीज मोजून पाहिलं. फोन त्या काळचा, आजच्यापेक्षा लहान पडद्याचा. उजेडाची पट्टी एकदम खाली असताना मागच्या दिव्याला सुमारे 8 मिलीवॅट वीज लागली. पट्टी मधोमध असताना 75. आणि पूर्ण वर असताना 414. (हजार मिलीवॅटचा एक वॅट. आपला घरातला एलईडी बल्ब 9 वॅटचा असतो, म्हणजे हे आकडे लहानच आहेत, पण फोनची बॅटरीही लहानच असते.) व्हिडिओ चालवायला बाकीच्या सगळ्या फोनला मिळून, दिवा सोडून, 450 च्या थोडी वर वीज लागत होती.

हे आकडे जरा थांबून पाहा. उजेड पूर्ण ठेवला तर एकटा दिवा जवळजवळ बाकी सगळ्या फोनइतकी वीज खात होता. आणि पट्टी मध्यावर आणली तर दिव्याचा खर्च अर्धा नाही, पाचव्या हिश्शापेक्षाही कमी झाला. म्हणजे वरचा अर्धा भाग सगळ्यात महाग. तुमच्या फोनवर आकडे वेगळे येतील, कारण पडदे मोठे झाले, प्रत्येक कंपनीची पट्टीही वेगळ्या मापाने चालते. पण पट्टीच्या वरच्या टोकाला थोडासा उजेड वाढवायला भरपूर वीज जाते, हे आजही तसंच आहे.

तेव्हा पहिलं काम हे. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा, गरज पडली तर दोनदा ओढा. सूर्याचं चित्र असलेली एक आडवी पट्टी दिसेल. व्हिडिओ सुरू करायच्या आधी ती डावीकडे सरकवा, अगदी काही दिसेनासं होईपर्यंत, आणि मग हळूहळू उजवीकडे आणा. जिथे चेहरे आणि अक्षरं नीट दिसायला लागतील तिथे थांबा. वरून खाली आणत गेलात तर डोळ्यांना उगाच अंधार झाल्यासारखं वाटतं आणि हात लवकर थांबतो. खालून वर जा, म्हणजे कमी उजेडात काम भागतं. मिनिट-दोन मिनिटांत डोळे सरावतात. काही फोनमध्ये व्हिडिओ पाहायचं ॲप वेगळं असतं, व्हीएलसी किंवा एमएक्स प्लेयर. त्यात व्हिडिओ चालू असताना पडद्याच्या डाव्या बाजूला बोट वर-खाली केलं तरी उजेड बदलतो.

आता सगळ्यात जास्त चार्जिंग वाया जातं ते कसं, ते सांगते. आपण शेतात असतो, उन्हात फोनवर काही दिसत नाही, म्हणून पट्टी पूर्ण उजवीकडे सारतो. काम होतं, फोन कमरेला खोचतो, घरी येतो. पट्टी तिथेच राहते. रात्री अंधाऱ्या खोलीत धाकटा त्याच पूर्ण उजेडावर तासभर कार्टून बघतो. त्याला काय, त्याला छानच दिसतं!

यावर उपाय म्हणजे आपोआप उजेड. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात ब्राइटनेसच्या खाली ऑटो किंवा अडॅप्टिव्ह असं बटण असतं. ते चालू केलं की फोन पुढच्या कॅमेऱ्याजवळच्या छोट्या सेन्सरने आजूबाजूचा उजेड बघतो आणि पडदा तसा कमी-जास्त करतो. उन्हात वाढवेल, घरात कमी करेल. तो जरा जास्तच उजळ ठेवतो असं वाटलं तर ते बंद करू नका, पट्टी थोडी खाली ओढा. बऱ्याच नव्या फोनमध्ये तुम्ही दोन-चार दिवस असं केलंत की फोन तुमची आवड शिकतो. सेन्सरवर जाड स्टिकर किंवा कव्हरची कड आलेली नाही ना, तेवढं बघा.

उन्हात व्हिडिओ पाहणं हा तर तोट्याचाच व्यवहार. उजेड पूर्ण करावा लागतो, तरी धड दिसत नाही, वर फोन तापतो. फार तापला की फोन स्वतःच उजेड कमी करतो आणि आपण म्हणतो फोन बिघडला. उष्णतेने बॅटरीचं आयुष्यही घटतं. बांधावरच्या झाडाखाली, गोठ्याच्या सावलीत, नाहीतर पदराचा आडोसा करून बसलात तरी पट्टी निम्म्यावर येते.

दिसत नाही म्हणून उजेड वाढवता का?

हा प्रश्न चाळिशी ओलांडलेल्या ताईंसाठी. जवळचं अक्षर धूसर व्हायला लागतं ते या वयात सगळ्यांचंच. मग आपण उजेड वाढवतो. थोडं बरं वाटतं, पण दुखणं उजेडाचं नसतं, नंबरचं असतं. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत फॉन्ट साइज वाढवा, अक्षरं मोठी होतील आणि त्याला जादा चार्जिंग लागत नाही. आणि डोळे तपासून चाळिशीचा चष्मा घ्या. फोनसाठी नको, तर सुईत दोरा ओवायला आणि पासबुक वाचायला घ्या.

दुसरं कारण याहून साधं. फोनच्या काचेवर पिठाचे हात, तेलाची बोटं, हळद. त्यावर लावलेली जादाची काच चरे पडून पांढुरकी झालेली. त्यातून बघायचं म्हणजे उजेड वाढवावाच लागतो. मऊ सुती फडक्याने काच पुसा. जादाची काच फारच खराब झाली असेल तर बदला. दुकानदार कधी कधी "बाजूच्याला दिसणार नाही" अशी काच लावून देतो. ती काच समोरूनही पडदा अंधारा करते, म्हणजे त्या काचेपोटी रोज जास्त उजेड जाळावा लागतो. बँक सखीला व्यवहार करताना तिचा उपयोग आहे. बाकीच्यांनी विचार करून घ्यावी.

काळा रंग कुणाला फायद्याचा, कुणाला नाही

"सगळं काळं करा, बॅटरी वाचते" हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो अर्धा खरा आहे. वर सांगितलेल्या एलसीडी पडद्यात काळ्या रंगाने जवळपास काहीच वाचत नाही, कारण मागचा दिवा पेटलेलाच असतो. पण दुसऱ्या प्रकारचा पडदा असतो, ओएलईडी किंवा ॲमोलेड. त्यात मागे दिवा नसतो. पडद्यावरचा एकेक ठिपका स्वतःच पेटतो, आणि काळा दाखवायचा असेल तर तो ठिपका सरळ विझतो. दिवाळीच्या माळेतले काही बल्ब बंद ठेवावेत तसं. अशा फोनमध्ये काळा रंग खरंच चार्जिंग वाचवतो.

तुमचा पडदा कोणता, हे खोक्यावर लिहिलेलं असतं. खोकं गेलं असेल तर घरच्या घरी पाहता येतं. रात्री दिवे बंद करा, उजेड पूर्ण करा आणि एखादा व्हिडिओ आडवा, पूर्ण पडद्यावर लावा. बऱ्याच फोनवर चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्या पट्ट्या निरखून पाहा. अंधारात त्या करड्या, किंचित उजळलेल्या दिसल्या तर एलसीडी. फोन कुठे संपला आणि अंधार कुठे सुरू झाला हेच कळत नसेल इतक्या काळ्या असतील तर ॲमोलेड. पाहून झालं की उजेड पुन्हा खाली आणायला विसरू नका.

ॲमोलेडवाल्यांनी डार्क किंवा गडद थीम लावावी, पण तिच्यावर फार विसंबू नये. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2021 मध्ये अशा पडद्यांच्या फोनवर मोजलं. उजेड पूर्ण असताना गडद थीमने सरासरी 39 ते 47 टक्के वीज वाचली. पण उजेड 30 ते 50 टक्क्यांवर असताना, म्हणजे घरात आपण ठेवतो तसा, वाचली फक्त 3 ते 9 टक्के. म्हणजे ज्या ताईने उजेड आधीच खाली आणला तिचं मोठं काम झालेलंच आहे. शिवाय गडद थीम फक्त ॲपचा पांढरा भाग काळा करते, व्हिडिओतलं चित्र ती बदलत नाही. पूर्ण पडद्यावर व्हिडिओ चालू असेल तर तिचा उपयोग नाही.

पिवळसर पडदा करणारं "आय कम्फर्ट" बटण, काळं वॉलपेपर, बॅटरी वाचवण्याची वेगळी ॲप, यांच्या मागे लागू नका. यातल्या पहिल्या दोन्हींनी व्हिडिओ पाहताना काही हाती लागत नाही. तिसरं तर नकोच. "बॅटरी डॉक्टर" छापाची ॲप स्वतःच मागे चालत राहतात, जाहिराती दाखवतात आणि तुमचे संपर्क, मेसेज वाचायची परवानगी मागतात. ज्या फोनवर बँकेचा ओटीपी येतो त्यावर अशी ॲप घालणं चांगलं नाही. फोनमध्ये जन्मापासून असलेला बॅटरी सेव्हर पुरेसा आहे. तो लावल्यावर व्हॉट्सॲपचे निरोप उशिरा पोचू शकतात, फोन आणि साधे मेसेज येत राहतात.

ऐकायचंच आहे तर पडदा कशाला?

कीर्तन, भजन, जुनी गाणी, आकाशवाणीच्या मुलाखतीसारखे कार्यक्रम, हे आपण स्वयंपाक करताना "लावून ठेवतो". पाहत कुणीच नसतं. पडदा मात्र तासभर पेटलेला. काहीजणी फोन पालथा ठेवतात आणि समजतात पडदा बंद झाला. तसं नाही. फोनवर बोलताना कानाला लावला की पडदा विझतो, पण व्हिडिओ चालू असताना पालथा ठेवला तर बहुतेक फोनमध्ये तो चालूच राहतो. आपोआप उजेड लावलेला असेल तर सेन्सर झाकला गेल्यामुळे उजेड कमी होईल इतकंच. ताटाखाली दिवा लावून ठेवल्यासारखं ते होतं.

अशा वेळी गाण्याची फाइल म्हणजे ऑडिओ घ्या. ऑडिओ पडदा बंद करूनही वाजतो. सासूबाईंच्या आवडीची दहा-बारा भजनं मेमरी कार्डात एकदा भरून दिली की वर्षभराची सोय. ज्या फोनमध्ये एफएम रेडिओ आहे त्यात तारेचा इअरफोन खुपसला की रेडिओ नेटशिवाय वाजतो, ती तारच अँटेनाचं काम करते. आणि घरात जुना रेडिओ माळ्यावर पडला असेल तर तो काढा, सेल घाला. माझ्या मते कीर्तनाला त्याच्यासारखं काही नाही.

बाकीचे लहान खर्च

मालिका संपली, झोप लागली, आणि फोन एकामागून एक व्हिडिओ लावत रात्रभर चालू, हे घरोघरी होतं. पडदा ठरावीक वेळाने बंद होण्याची सोय फोनमध्ये असते, पण व्हिडिओ चालू असेपर्यंत ती लागू होत नाही. म्हणून यूट्यूबमधलं ऑटोप्लेचं बटण बंद करा. मग एक व्हिडिओ संपला की फोन गप्प बसतो आणि पडदा विझतो. मुलांच्या बाबतीतही याचा उपयोग होतो, कारण पुढचा व्हिडिओ लावायला त्यांना निदान विचारायला यावं लागतं.

नव्या फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट असतो, 60, 90 किंवा 120. पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र काढतो त्याचा तो आकडा. व्हिडिओत मुळात सेकंदाला 24 ते 30 चित्रं असतात, तेव्हा 60 वर ठेवलं तरी डोळ्याला फरक कळत नाही. यूट्यूबच्या गडद थीममध्ये व्हिडिओभोवती मंद रंगीत उजेड पसरतो, त्याला अँबियंट मोड म्हणतात, तोही बंद करता येतो. हे दोन्ही एकदाच करून विसरून जायचं.

रेंजचं मात्र तसं नाही. वाडीवर एक काडी रेंज असते तिथे फोन टॉवरशी बोलायला जास्त जोर लावतो, पुन्हा पुन्हा मागतो, आणि व्हिडिओ गोल गोल फिरत थांबलेला असतानाही पडदा पेटलेलाच असतो. म्हणून जिथे रेंज चांगली आहे तिथे, बाजाराच्या दिवशी किंवा ग्रामपंचायतीच्या वायफायवर, हवे ते व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा. ज्या व्हिडिओखाली डाउनलोडचं बटण आहे तो उतरवून घेता येतो. 360 किंवा 480 ची गुणवत्ता आपल्या हाताएवढ्या पडद्याला भरपूर होते, नेटही कमी जातं. उतरवलेला व्हिडिओ पाहताना विमान मोड लावला तर आणखी वाचेल, पण तेव्हा कुणाचा फोन लागणार नाही. घरात बाळंतीण, आजारी माणूस किंवा बाहेरगावी गेलेलं लेकरू असेल तर विमान मोड लावू नका.

चार्जिंगला लावून व्हिडिओ पाहिला तर फोन जास्त तापतो, उशीखाली किंवा गोधडीत ठेवला तर त्याहून. तसं टाळा.

बैठकीत दाखवताना

ग्रामसंघाच्या बैठकीत एक फोन मधे धरून पंधराजणी वाकून बघतात. लांबच्यांना दिसावं म्हणून उजेड पूर्ण, आवाज पूर्ण, अर्धा तास. आवाजाने फार बिघडत नाही, लहान स्पीकर पडद्यापेक्षा पुष्कळ कमी खातो. पडद्यानेच सीआरपी ताईचं चार्जिंग उतरतं, आणि नेमकं तिलाच बैठकीनंतर त्या फोनवर नोंदी भरायच्या असतात.

ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा अंगणवाडीत टीव्ही असेल तर तो आधी मागून ठेवा. नसेल तर व्हिडिओ ज्याच्यात नोंदी भरायच्या नाहीत त्या फोनवर लावा, आणि दर बैठकीला फोन आळीपाळीने घ्या. दारासमोर, उन्हाच्या बाजूला बसण्यापेक्षा आतल्या भिंतीकडे बसा, खिडकी फोनच्या पाठीमागे किंवा समोर नको, बाजूला असू द्या. दशपर्णी अर्काच्या वीस मिनिटांच्या व्हिडिओत प्रत्यक्ष हाताने करून दाखवलेलं काम चार-पाच मिनिटांचं असतं, बाकी बोलणं असतं. बोलणं ऐकू द्या, पट्टी खाली ठेवा. करून दाखवायचा भाग आला की पट्टी वर करा, व्हिडिओ थांबवा, फोन हातोहात फिरवा. असं केल्याने चार्जिंग तर वाचतंच, शिवाय मागे बसणाऱ्या ताईला पानांचं प्रमाण खरंच दिसतं.

वहीत मांडून बघा

हे सगळं आमच्या सांगण्यावर मान्य करू नका. आपण हिशोब ठेवणाऱ्या बायका आहोत. फोन 80 टक्क्यांच्या आसपास असताना (भरलेल्या फोनचा 100 चा आकडा बराच वेळ हलत नाही, म्हणून तेव्हा नको) एक अर्ध्या तासाचा उतरवलेला व्हिडिओ निवडा. उजेडाची पट्टी पूर्ण ठेवून तो पाहा. सुरुवातीचे आणि शेवटचे टक्के लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला, त्याच जागी, तोच व्हिडिओ पट्टी एकतृतीयांशावर ठेवून पाहा आणि टक्के लिहा. दोन्ही वेळा आपोआप उजेड बंद ठेवा, नाहीतर फोन मधेच पट्टी हलवेल. झालं की तो परत चालू करा.

समजा पहिल्या दिवशी 8 टक्के गेले आणि दुसऱ्या दिवशी 5. अर्ध्या तासाला 3 टक्के वाचले. घरात मिळून रोज दोन तास व्हिडिओ चालत असेल तर दिवसाला 12 टक्के. 9 टक्क्यांवर येणारा फोन सायंकाळी 21 वर असेल. तुमचा आकडा याहून लहान किंवा मोठा येईल, तो तुमच्या फोनचा खरा आकडा. सेटिंग्जमध्ये बॅटरी उघडून कोणत्या ॲपने किती टक्के खाल्ले तेही बघा. तिथे यूट्यूबचा आकडा पाहून घरातली मंडळी एकमेकांकडे बघतील.

फोनचं नाव, किती महिने वापरला, पूर्ण उजेडावर किती टक्के गेले, कमी उजेडावर किती, आणि पडदा एलसीडी की ॲमोलेड, असे पाच रकाने समूहाच्या वहीच्या मागच्या पानावर आखा. सचिव ताईंनी ते पान पुढच्या महिन्याच्या प्रभागसंघाच्या बैठकीला घेऊन यावं. सगळ्या समूहांचे आकडे एकत्र करून पुढच्या अंकात छापू, म्हणजे नवा फोन घेणाऱ्या ताईला दुकानदाराच्या आधी आपल्याच पानावर बघता येईल.